बासष्ट तुकडे, तपासले

४ जानेवारी

प्रिय साहेब,

फोन करत नाही, कारण फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्यावर विनोद करतोस. कागदावर निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं. शिवाय वर्कशॉपच्या भुशानं माझे तीन फोन खाल्ले आहेत.

तुझ्या ऑफिसची जुनी इमारत पाडतायत असं कळलं. तिच्या छपराला जे वासे आणि तुळया आहेत, तसं लाकूड आता पैसे मोजूनही मिळत नाही आणि तुमचा ठेकेदार ते जळणात घालणार. तू तिथला साहेब, एक शब्द टाक. मला एका शाळेच्या जिन्याच्या कठड्यासाठी चाळीस दांडे कातून द्यायचे आहेत. हातभर लांबीचे साठेक तुकडे मिळाले तर काम झालं.

आता नीट वाच. जुन्या लाकडाच्या पोटात लोखंड असतं. कुणीतरी कधीकाळी खिळा ठोकतो, त्याचं डोकं तुटतं, वरून रंगाचे चार हात बसतात, आणि तो आत माझी वाट बघत राहतो. लेथवर लाकूड मिनिटाला हजार वेळा फिरतं. पटाशी खिळ्याला अडली की एक तर तिची धार जाते, नाही तर तुकडा सुटून कातणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून सोबत लोखंड शोधायचं यंत्र पाठवतोय. ते तुकड्यावरून चारही बाजूंनी सावकाश फिरवायचं. कुंई केलं तिथं खडूनं गोल करायचा आणि तो तुकडा बाजूला ठेवायचा. गप्प राहिलं तर बरोबरची खूण. हातातलं घड्याळ आणि अंगठी आधी काढून ठेव. यंत्र एकाच हातानं धर.

इथं हे काम चुंबकरावांचं. बावीस वर्षं कमरेला लोहचुंबक बांधून हिंडतात म्हणून चुंबकराव. यंत्र द्यायला तयारच नव्हते. बायकोनं माहेरी जाताना केला नसेल एवढा उपदेश त्यांनी मला यंत्र जाताना केला. मी म्हटलं, "अहो, माझा मामेभाऊ आहे, सव्वीस वर्षं तपासनीस आहे." तर म्हणाले, "कागदांचा ना?"

वहिनी विचारतेय, जेवायला कधी येतोस.

तुझा
दादा


१९ जानेवारी

प्रिय दादा,

तुझ्या चुंबकरावांना सांग, कागदांचा तपासनीसही माणूसच असतो. ठेकेदाराशी बोललो. "साहेब, ते लाकूड कशाला, नवीन पाठवतो की," म्हणाला. मी म्हटलं, "मला जुनंच पाहिजे." त्यानं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की घरी काही बरं चाललेलं नसावं अशी त्याची खात्रीच पटली.

परवा इमारतीच्या मागच्या अंगणात दोन बाकं मांडून सगळं केलं. आमचे शिपाई, टंकलेखिका आणि पगारपत्रकवाले शेजारच्या नव्या इमारतीच्या खिडकीतून बघत होते. सव्वीस वर्षांत मला काही करताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तुझं यंत्र सुरुवातीला फार कांगावखोर निघालं. लाकूड दाखवलं की बोंब, हवा दाखवली की बोंब. आमच्या वरिष्ठांचीच आठवण आली. मग त्याची समजूत घातली आणि ते वठणीवर आलं. बासष्ट तुकडे तपासले. नुसती खूण करून माझं समाधान होईना, म्हणून प्रत्येकावर "तपासले" लिहून खाली सही केली आहे. हातच तसा वळतो, त्याला मी काय करू?

लाकूड टेम्पोत घातलं आहे, यंत्र वरच्या पोत्यात. आता तुझ्या शाळेच्या जिन्यावर माझ्या सहीचे दांडे लागतील. कातलं की सही जाते म्हणतोस? जाऊ दे. माझ्या सहीनं नाही तरी कुणाचं काय अडलंय?

वहिनींना सांग, लवकरच येतो.

तुझा
साहेब


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षर माझं, मजकूर यांचा. यांचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजव्या हातावर नऊ टाके आहेत. घाबरू नका, असं लिही म्हणतात. मी लिहिलं. मी मात्र घाबरले होते.

हे सांगतायत ते असं. परवा सकाळी तुझ्या लाकडातला सातवा दांडा लेथवर होता. सहा लोण्यासारखे गेले होते. सातव्याच्या मध्यात खिळा निघाला, करंगळीएवढा, डोकं तुटलेला, खोल. पटाशी अडकली, हातातून फिरली, तुकडा सुटला आणि माझ्या डाव्या हातावर आला. दोन बोटं मोडली. तर्जनीची शीर तुटली होती, ती शिवली आहे. डॉक्टर म्हणतात, वाकेल की नाही ते प्लास्टर काढल्यावर बघू. डाव्या हाताच्या तर्जनीवर आम्ही पटाशी टेकवतो, हे त्या डॉक्टरला कोण सांगणार?

तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तू पहिल्यांदाच यंत्र हातात धरलं होतंस, मी तुझ्या भरवशावर नव्हतोच. इथं आल्यावर प्रत्येक तुकडा चुंबकरावांनी पुन्हा तपासायचा, हा आमचा नियम. त्यांनी तपासलाच नाही. तुझी सही बघून सोडून दिला असणार. मी विचारलं तर म्हणतात, "मी चारही बाजूंनी फिरवलं, यंत्र बोललं नाही." पट्टी बांधलेल्या हातानं मी तेच यंत्र त्यांच्यासमोर एका खिळ्यावर धरलं, तर लगेच बोललं. म्हटलं, "आता?" चूक मी पोटात घातली असती. तोंडावर खोटं बोलणं नाही घालता येत. बावीस वर्षांनी त्यांना उद्यापासून येऊ नका सांगितलं.

भाऊजी, हे माझं. यांना झोप लागली आहे. जाताना चुंबकरावांनी कमरेचा चुंबक सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, भुशात पडू देऊ नका, त्याला चिकटलेलं नंतर निघत नाही." बास, एवढंच. तुम्हाला काही सुचत असेल तर यांना लिहा. तुमचं ऐकतात.

तुमची
वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र वाचून काय झालं ते लिहीत नाही. अकरा दिवस उत्तर दिलं नाही. ऑफिसात तपासणी आली होती, असं लिहिणार होतो. आमची कसली तपासणी येते? तपासणी म्हणजे आम्हीच.

बोटाची काळजी घे. व्यायाम सांगितला असेल तो कर. माझ्या ओळखीचा एक चांगला हाडांचा डॉक्टर आहे, तू इकडे ये, मी सगळं बघतो. राहायला आमच्याकडेच. वहिनींनाही आण.

चुंबकरावांचं मात्र मनाला लागलं. बावीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत. माझं ऐकशील तर एकदा त्यांना बोलावून घे. यंत्रही आता जुनं झालं असेल. यंत्रं कधी कधी दगा देतात. आमच्या ऑफिसातली लिफ्ट रोज सकाळी दुरुस्त असते आणि रोज अकराला बंद पडते, तिला कोणी घरी पाठवत नाही. माणसालाच का पाठवायचं?

विनोद सुचत नाहीये. असो.

तुझा
साहेब


२० मार्च

प्रिय साहेब,

अक्षर वाकडं आहे पण माझं आहे. उजव्या हाताचे टाके निघाले, डाव्याचं प्लास्टरही निघालं. तर्जनी अर्धी वाकते. डॉक्टर खूश आहेत. त्यांना कुठे कातायचंय?

यंत्र दगा देतं म्हणतोस. मी दहादा पाहिलं. खिळ्यावर धरलं की बोलतं, बाजूला नेलं की गप्प. चुंबकराव स्वतः रोज सकाळी असंच बघायचे आणि मग कामाला लागायचे. यंत्र चांगलं आहे. तुझं मन मोठं आहे म्हणून तू दोष यंत्रावर घालतोस. वहिनीला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बघा, ज्याचा काही संबंध नाही त्याला कळतं."

चुंबकराव आता बाजारापलीकडच्या गाड्यांच्या तळावर पावत्या फाडतात. परवा मी समोरून गेलो. त्यांनी पाहिलं आणि पावतीपुस्तकात असं डोकं घातलं की जणू आत कादंबरीच आहे. मला वाईट वाटलं, पण मग बोट वाकवून पाहिलं आणि ते वाईट वाटणं गेलं.

शाळावाले घाई करतायत. चौतीस दांडे राहिलेत. आता तपासायला मीच आहे. तुझे उरलेले सगळे तुकडे मी स्वतः यंत्राखालून घातले, चारही बाजूंनी, दोनदा. सगळे साफ आहेत. सोमवारी सकाळी लेथ सुरू करतोय. अर्ध्या बोटानं जमतं का बघू.

तुझा
दादा


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता हातात पडलं. आज शनिवार. लगेच तुझ्या घरी फोन केला. वहिनींनी घेतला. मी म्हटलं, "सोमवारी लेथ सुरू करू देऊ नका." त्या म्हणाल्या, "का?" मी म्हटलं, "पत्रात लिहितो." त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा तेच म्हणालो. शेवटी "शपथ घाला त्याला" म्हणून फोन ठेवला. बोलण्यात मी पटाईत आहे असं सगळे म्हणतात. ते एक वाक्य मला बोलता आलं नाही.

यंत्र मी बिघडवलं आहे.

अंगठी काढली होती. घड्याळ नाही. पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून ऑफिसनं दिलेलं ते स्टीलचं घड्याळ. खिडकीतून सगळे बघत होते, म्हटलं राहू दे मनगटावर. यंत्र एका हातात थरथरायला लागलं म्हणून डावा हात खालून लावला. घड्याळ यंत्राच्या तोंडाशी आलं आणि ते सारखं ओरडायला लागलं. लाकूड असो नसो. खिडकीत हशा झाला. पगारपत्रकवाला म्हणाला, "साहेब, तुमच्यातच लोखंड आहे." मग मी बॅटरीचं झाकण उघडलं. आत एक बारीक स्क्रू आहे, एका बाजूला अधिक, एका बाजूला उणे. तो मी उणेकडे फिरवत गेलो, यंत्र गप्प होईपर्यंत. झाकण लावलं. बासष्ट तुकडे गप्प गेले, पाऊण तासात. प्रत्येकावर सही केली.

त्या स्क्रूमुळे यंत्र पुढ्यात धरलेल्या खिळ्यावर बोलतं. आत खोल असलेल्यावर बोलत नाही. म्हणून ते तुझ्या तपासणीत पास होतं, आणि म्हणूनच तुझा तो माणूस खरं बोलत होता. त्यानं चारही बाजूंनी फिरवलं असणार. यंत्र बोललं नसणार. तू दोनदा फिरवलंस, तुलाही बोललं नाही.

आता यापेक्षा वाईट. टेम्पो गेल्यावर हात धुवायला गेलो, तेव्हा नळाखाली घड्याळ दिसलं. तिथंच सगळं कळलं. तेव्हाच फोन करायचा होता. माझा विचार असा झाला की तुझा माणूस आहेच, तो पुन्हा बघेल. ऑफिसात आम्ही सगळे असंच करतो. खालचा सही करतो कारण वरचा बघणार आहे, वरचा सही करतो कारण खालच्यानं बघितलंय. कागद मधून निघून जातो. सव्वीस वर्षांत त्यानं कोणाचं बोट मोडलं नाही. निदान माझ्यापर्यंत तसं काही आलं नाही. त्या स्क्रूमुळे तुझ्या माणसाचे कान मी आधीच बंद करून ठेवले होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही, की येऊ दिलं नाही, ते मलाही आज सांगता येत नाही.

एकोणीस जानेवारीचं ते मजेशीर पत्र मी घड्याळ दिसल्यावर दोन दिवसांनी लिहिलं. टेम्पो निघाल्यापासून तुझा हात मोडेपर्यंत अठ्ठावीस दिवस होते. पत्र दोन दिवसांत पोचतं.

आणि सत्तावीस फेब्रुवारीला सगळं माहीत असताना मी तुला लिफ्टची गोष्ट सांगितली. वहिनी त्यावर रडल्या, हे तू लिहिलंस. ते वाक्य पत्र उघडल्यापासून समोर आहे.

मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो. तुझ्या माणसाला परत घे.

साहेब म्हणू नकोस.


५ एप्रिल

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. वहिनीनं त्याआधी लेथचा फ्यूज काढून कणकेच्या डब्यात ठेवला होता.

झाकण उघडलं. स्क्रू शेवटाला टेकला होता. परत जागेवर आणला आणि तुझे तुकडे पुन्हा तपासले. नऊ निघाले. एकात तीन खिळे आहेत, एका ओळीत. तो मी पुढचा म्हणून लेथशेजारी काढून ठेवला होता.

चुंबकरावांकडे गेलो. पावत्या फाडत होते. म्हटलं, "चला." म्हणाले, "सुट्टी साडेसहाला होते." साडेसहापर्यंत उभा राहिलो. मग त्यांच्या घरी गेलो आणि तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. फक्त विचारलं, "स्क्रू फिरवताना खूण बघितली होती का त्यांनी, आधी कुठे होता त्याची?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग जागेवर आणलात तो अंदाजानंच. उद्या मी बघतो."

असे ते उद्यापासून आले.

तुझ्यावर रागावलोय. पण रोज थोडा राग तुझ्याकडून काढून स्वतःकडे आणावा लागतोय. बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर मी फिरत्या लाकडासमोर उभा राहिलो, त्याचं एक वाक्य मी मानलं नाही. तुझ्या खडूचं मात्र मानलं, कारण तू घरातला.

ते तुला लिहिणार आहेत. पत्ता मागून घेतला. मी अडवलं नाही.

दादा


११ एप्रिल

साहेबांस नमस्कार.

तुमचं पत्र मालकांनी वाचायला दिलं. त्यात तुम्ही मालकांची माफी मागितली आहे, ते बरोबर आहे. त्यांचं बोट गेलं. माझा उल्लेख त्या पत्रात चार वेळा आहे, सगळीकडे "तुझा माणूस". मला राग नाही, पण मोजलं. मोजायची सवय आहे.

कामावर परत आलो. मालकांनी चुंबक स्वतः कमरेला बांधायला घेतला, अर्ध्या वाकणाऱ्या बोटानं गाठ बसेना म्हणून वहिनींनी बांधली. शाळेचे दांडे होतील. तिकडची चिंता नको.

माझं म्हणणं दुसरं आहे. मला काढलं ते न तपासता तपासलं म्हणालो म्हणून, हे घरी कळलं. लपवून काय करणार? घरच्यांपैकी तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गॅस बंद करून बाहेर आलो, तर सून उठून बघून आली. मी दाराला कडी घातली की बायको हात लावून बघायची. औषध घेतलं म्हटलं की गोळ्यांचं पाकीट बघायची. नात दीड वर्षाची आहे. तिला कडेवर घेऊन मी रोज तीन मजले उतरायचो, खाली गाड्या दाखवायला. ते बंद झालं. सून म्हणते, "राहू दे बाबा, तुम्ही दमता." मी दमत नाही. महिना झाला आणि मग मीच गॅस दोनदा बघायला लागलो. एकदा भर दुपारी तळावरून घरी पळत आलो, बंदच होता. तेव्हा वाटलं, खरंच मी ते लाकूड तपासलं नसेल. मालक म्हणतात ते खरं असेल. मनात कबूलही केलं होतं. तुमचं पत्र दोनदा वाचलं ते म्हणूनच.

मालक घरी आले तेव्हा सून माहेरी होती. आता मी सांगतो तर तिला वाटतं, मालकांनी दया केली. मी माझ्या बाजूनं सांगून उपयोग नाही.

तेव्हा मला लिहू नका. तिला लिहा. तुम्हाला लिहिता चांगलं येतं. पण हे पत्र गंमत न करता लिहा.

आपला
चुंबकराव


१५ एप्रिल

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचे सासरे जिथं काम करतात त्या कातारीदादांचा मी मामेभाऊ. १४ फेब्रुवारीला जो अपघात झाला तो माझ्यामुळे झाला. यंत्राचा स्क्रू मी फिरवला, त्यामुळे यंत्राला खोलवरचं लोखंड कळेना झालं. मी ते कोणालाही सांगितलं नाही. तुमच्या सासऱ्यांनी नियमाप्रमाणे तो तुकडा चारही बाजूंनी तपासला होता. यंत्र बोललं नाही असं ते म्हणाले, ते अक्षरशः खरं होतं. त्यांना काढलं तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी पाच आठवडे गप्प बसलो. दादांनी त्यांना परत घेतलं ती दया नव्हे. चूक त्यांची नव्हतीच.

हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवा. शेजारी कोणाच्या कानावर गेलं असेल तर त्यांनाही द्या. कोणाला शंका असेल तर खाली माझा पत्ता आणि ऑफिसचा नंबर आहे, तिथं मला विचारा. मी घरी येऊन सर्वांसमोर सांगायला तयार आहे. तुम्ही बोलवाल त्या दिवशी येईन.

मी आयुष्यभर न बघता सह्या केल्या. हे पत्र चार वेळा वाचून मग सही करतो आहे.

ते गॅस बंद केला म्हणाले, तर तो बंद आहे. उठून बघू नका. आणि बाळाला त्यांच्या कडेवर द्या.